टिचकीचं तिरपं माप

टिचकी हे त्याचं खरं नाव नव्हे. ते गॅरेजने ठेवलेलं. पत्रा दिसला की मधल्या बोटाने टिचकी मारायची आणि कान द्यायचा, ही त्याची सवय. आवाजावरून तो पत्र्याची जाडी सांगायचा, रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, किती भरलीय ते सांगायचा, आधी कुणी अडाण्याने ठोकून ठेवलंय का तेही सांगायचा. चुकायचा नाही. गॅरेजबाहेरही तेच. पाण्याची टाकी, कपाट, दवाखान्याचं दार, काही सुटायचं नाही. वहिनी म्हणायच्या, "माझ्या कपाळावर तेवढी मारत नाहीत, नशीब माझं."

"तिथला आवाज पाठ आहे मला," तो म्हणायचा.

तो डेंटर, मी वेल्डर. एका छपराखाली सदतीस वर्षं. अपघातातल्या गाड्या सरळ करायच्या, हे आमचं काम. गाडी आली की बाकीचे आधी हातोडी शोधायचे. टिचकी हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारायचा, मग डोळे मिटून चाकावरच्या फेंडरवरून तळवा फिरवायचा, मग मापकाठी काढायचा. अर्धा दिवस नुसता मोजायचा. मालक चिडायचा. टिचकी म्हणायचा, "ठोकायला अक्कल लागत नाही. कुठे ठोकायचं नाही, त्याला लागते."

मापकाठी त्याने स्वतः केली होती. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या, दोन्ही टोकांना अणी, मध्ये कसायचा स्क्रू. दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून समोरच्या खालच्या कोपऱ्यात टेकवायची, स्क्रू कसायचा, मग तीच काठी पलीकडच्या दाराला लावून बघायची. दोन्हीकडे तिरपं माप सारखं आलं पाहिजे. आगपेटीच्या काडीइतका फरक असला तरी तो गाडी सोडायचा नाही. एकदा रंगाचा पहिला हात मारून झाला होता, मालक दारात उभा होता आणि हा म्हणाला, "अजून वाकडी आहे." माझे सगळे जोड मला तोडावे लागले. जोड चांगले होते. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. पण गाडी वाकडी होती, हे लिहिलं पाहिजे.

भिंतीला एक फळी होती. मोडक्या गाड्यांत सापडलेल्या वस्तू त्यावर ठेवायच्या. चष्मे, पेनं, एका कानातलं एकच डूल, लहान मुलाचा मोजा. कुणी विचारत आलं तर द्यायच्या. फारसं कुणी आलं नाही. धूळ बसली की टिचकी फळी पुसायचा, आणि वस्तू पुन्हा जागच्या जागी लावायचा.

आम्ही दोघं एकाच वर्षी घरी बसलो. त्याला एकच मुलगी. फिजिओथेरपिस्ट आहे. ज्यांना उठून दवाखान्यात जाता येत नाही त्यांच्या घरी जाऊन ती त्यांना उभं करते, चालवते. रोज पन्नास किलोमीटर, तेही मोठ्या रस्त्याने, ट्रकांच्या मधून. तिची जुनी छोटी गाडी गंजली होती. खालचा पत्रा मी दोनदा जोडून दिला. तिसऱ्यांदा बघितलं आणि सांगितलं, "पोरी, जोड मारायला दोन्हीकडे पत्रा लागतो. इथे एकीकडे पत्रा आणि एकीकडे हवा आहे."

म्हणून नवी गाडी घ्यायचं ठरलं. पेशंटचा वॉकर आणि घडीचं टेबल मागे मावायला हवं, म्हणून डिकीवाली सेडान. तिने शोधून दोन ठरवल्या. दोन्हींची लांबी-रुंदी सारखी, इंजिन सारखं. पण बाबांनी टिचकी मारल्याशिवाय त्या घरात सायकलसुद्धा आलेली नव्हती. मग बाबा गेले, आणि बाबांबरोबर मीही गेलो.

पहिल्या शोरूममधली गाडी जुन्या बांध्याची. टिचकीने फेंडरवर बोट मारलं. ठण्ण. त्याचा चेहरा उजळला. "ही पेटी आहे," तो म्हणाला, "घरातली लोखंडी पेटी."

दुसऱ्या शोरूममधली नव्या बांध्याची. टिचकी मारली, आवाज आला टप्प. त्याने अंगठ्याने दाबलं. पत्रा आत गेला आणि परत आला.

"सर, प्लीज," विक्रेता म्हणाला.

"हा बिस्किटाचा डबा आहे."

"सर, हिला अपघाताच्या चाचणीत पाच तारे आहेत. त्या दुसऱ्या गाडीला दोनच."

"तारे आकाशातही आहेत. लागल्यावर कशाला धरायचं? ताऱ्याला?"

पोरगी खाली बघून हसली. विक्रेत्याने हातरुमालाने फेंडर पुसला.

घरी आल्यावर मात्र हसण्यावारी गेलं नाही. पोरीने फोनवर चाचणीची फिल्म लावली. दोन्ही गाड्या वेगवेगळ्या ठोकळ्यांवर आपटतात, आत बाहुले बसवलेले. डब्याचं नाक पार चुरगळून जातं. पेटीचं कमी जातं.

"बघ! तूच बघ!" टिचकी म्हणाला.

"नाक नका बघू बाबा, बाहुला बघा. पुढचा भाग दुमडतो म्हणून आतला वाचतो."

"दुमडतो म्हणून वाचतो! उद्या म्हणशील, भिंत पडते म्हणून घर टिकतं. आणि हे त्यांनी ठरवून आपटलंय. रस्त्यावर कुणी ठरवून आपटत नाही. सदतीस वर्षं ठोकलेल्या गाड्या बघितल्यात मी. पेटीसारखी गाडी आली की चार दिवसांत उभी करायचो. असले डबे आले की कापून टाकावे लागायचे. विचार तुझ्या काकांना."

मी मान हलवली. खरंच होतं.

पोरीने फोन खाली ठेवला. मग हळू म्हणाली, "गाडी चार दिवसांत उभी राहायची. तिच्यातला माणूस किती दिवसांत उभा राहायचा?"

"त्याचं मला काय माहीत? आमच्याकडे गाडी यायची."

"आणि माणूस कुठे जायचा?"

"दवाखान्यात."

"आणि तिथून?"

टिचकीने खुर्चीच्या दांडीवर टिचकी मारली.

"तिथून माझ्याकडे येतो, बाबा. गेल्या आठवड्यात मी एका शाळामास्तरांकडे गेले. गाडीला दोन पोचे फक्त, असं त्यांची बायको सांगत होती. घोटा तीन ठिकाणी मोडलाय. वर्ष झालं. अजून जिना उतरता येत नाही."

वहिनींनी चहा आणून मध्ये ठेवला. "भांडा खुशाल. पण हे कप मला आवडतात."

टिचकीने कप घेतला नाही. "तुझी गाडी, तुझा जीव. घे तुला हवा तो डबा. माझं नाव नको त्यात."

"असं नाही चालणार," पोरगी म्हणाली. "तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी कुठलीच घेणार नाही. शनिवारपर्यंत विचार करा. तोवर जुनीच चालवते."

ती गेली. आम्ही खिडकीतून बघितलं. जुनी गाडी गतिरोधकावरून उतरली तेव्हा खालून करकर आवाज आला. तो आवाज कशाचा, ते आम्हा दोघांनाही कळलं. एक जोड माझाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिचकी माझ्या दारात. काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेली मापकाठी.

"चल."

"कुठे?"

"भंगारात."

"इतक्यात? अजून दोन-चार वर्षं चाललो असतो की रे."

तो हसला नाही. "ती म्हणते तारे, मी म्हणतो पत्रा. रस्त्याने काय म्हटलंय, ते बघून येऊ."

भंगाराच्या आवाराची मालकीण आमच्या ओळखीची. फाटकाशी एका गाडीचं उपटलेलं सीट टाकून त्यावर बसते. नवऱ्यामागे वीस वर्षं एकटीने सांभाळलंय तिने सगळं. कुठली गाडी कुठल्या रांगेत, हे तिला वहीशिवाय पाठ.

"काय टिचकी, अजून आहेस?"

"आहे. तुला वजनावर घालायला नाही आलो." आणि त्याने दोन्ही गाड्यांची नावं सांगितली, कुठली पेटी आणि कुठला डबा तेही. पुढून धडकलेल्या हव्यात, चालकाच्या बाजूने.

"पहिल्या चार आहेत, दुसऱ्या तीन. तुझ्या पेट्या कुंपणाशी. डबे टायरांच्या मागे. मोजा हवं तेवढं. पण काही सुटं केलंत तर ते मी वजन करून घेईन."

पहिली पेटी बघून टिचकी खूश झाला. बॉनेट तंबूसारखं उभं राहिलेलं, पण फेंडर जवळजवळ जागेवर. त्याने तळवा फिरवला. "बघ. हिला मी चार दिवसांत उभी केली असती. लोकांनी उगाच भंगारात घातली."

मी चालकाच्या दाराची मूठ ओढली. दार हललं नाही. दोघांनी ओढलं. नाही. शेवटी पहार लावून उघडलं.

"कडी अडकली असेल," तो म्हणाला.

मग टायरांमागचा डबा. त्याला नाक असं उरलंच नव्हतं. पुढचं चाक मागे सरकलेलं, बॉनेटची घडी झालेली, लोखंड आणि तारा एकमेकांत विणल्यासारख्या. टिचकी लांबूनच म्हणाला, "हिला तर देवही हात लावणार नाही."

मी सवयीने मूठ ओढली. टक्. दार उघडलं. एका बोटाने. मी ते लावलं. ते लागलं.

टिचकीने माझा हात बाजूला केला आणि स्वतः उघडलं. लावलं. परत उघडलं. मग चादर सोडली आणि मापकाठी काढली.

डब्याच्या दोन दारांत फरक दोन मिलिमीटर. परत पेटीकडे गेलो. तिथे बावीस. फेंडर जागेवर राहिला होता, आणि चौकट गेली होती. धक्का कुठे तरी जाणारच. पुढे जिरला नाही, तो आत गेला.

हे मी आता दोन वाक्यांत लिहितोय. तिथे ते कळायला आम्हाला दोन्ही गाड्यांमध्ये तीन-चार खेपा घालाव्या लागल्या.

"चल, ठरलं तर मग," मी म्हणालो. ऊन चढलं होतं.

"एका मापावर पत्रा कापतात का?" तो म्हणाला.

मग तीन दिवस गेलो. सातही गाड्या मोजल्या. प्रत्येक माप तीनदा. मी एक टोक धरायचो, तो दुसरं. माझे गुडघे वाकत नाहीत, त्याला वाकून दिसत नाही. दोघांचा मिळून एक धड डेंटर होत होता. आकडा खडूने दारावर लिहायचा आणि संध्याकाळी कागदावर उतरवायचा. पेट्यांचे आले बावीस, एकतीस, अठरा आणि नऊ. नऊवालीला धक्काच हलका होता. डब्यांचे दोन, चार आणि सोळा.

सोळावर मी म्हणालो, "ही हरली."

"हरली. पण हिचा धक्का बघ. दाराच्या खांबापर्यंत आलाय. इथे पेटी असती तर मोजायला चौकट उरली नसती." बाजू बदलली होती त्याने, पण आकडा लपवला नाही. कागदावर सोळा ठसठशीत लिहिला.

एकतीसवाल्या पेटीत चालकाच्या पायाशी एक बूट होता. नाडी नीट बांधलेली. खालचा पत्रा वर आला होता आणि ब्रेकचं पेडल खाली गेलं होतं, त्यांच्यात तो बूट दाबून बसला होता. टिचकीने ओढून बघितला. निघेना. तो तिथेच दाराच्या उंबऱ्यावर टेकला.

"वेल्डर, आपल्या त्या फळीवर चष्मे किती होते रे?"

"मोजले नव्हते."

"मीही नाही. बाकी सगळं मोजलं."

मग त्याने पहार मागितली. पेडल उचलायला त्याला पाव तास लागला. बूट निघाला तो त्याने बाहीने पुसला आणि सीटवर ठेवला. मालकीण येऊन बघत उभी होती.

"त्याचं वजन नको करूस," टिचकी म्हणाला.

"एवढी पण नाही मी तशी," ती म्हणाली, आणि आम्हाला तिच्या थर्मासमधला चहा दिला. याआधी कधी दिल्याचं मला आठवत नाही.

शनिवारी सकाळी पोरगी आली. तिने विचारायच्या आतच टिचकी म्हणाला, "डबा घे."

"तारे पटले तर!"

"ताऱ्यांचं राहू दे. दार उघडतं."

त्याने कागद पुढे केला. पोरीने वाचला. कुठली गाडी, कुठला धक्का, डावं माप, उजवं माप, फरक. सात ओळी.

"हे सगळं तुम्ही दोघांनी मोजलं? या उन्हात?"

"मग? ताऱ्यांनी येऊन मोजलं?"

"बाबा, सात गाड्यांवरून खरं म्हणजे काही सिद्ध होत नाही."

"मला शिकवतेस? म्हणून तुझी ती फिल्मही परत बघितली. तुझ्या आईने लावून दिली. बाहुला बघितला या वेळी. दोन कारागीर एकमेकांना न विचारता एकच माप सांगतात, तेव्हा ऐकावं."

वहिनी आतून म्हणाल्या, "चुकलो म्हणा की एकदाचं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही या माणसाचा."

"चुकलो नाही," टिचकी म्हणाला. "माप बरोबर होतं. गाडी किती वाचली, ते मी मोजत होतो. ते काम वेगळं." आणि जरा थांबून म्हणाला, "तुझं काम वेगळं."

पोरीने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. डोळे पुसले का, ते मी बघितलं नाही. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होतो.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा विक्रेत्याने आम्हाला लांबूनच ओळखलं आणि तो फेंडरच्या पुढे येऊन उभा राहिला. टिचकीने फेंडरला हात लावला नाही. चादर सोडली आणि चारही दारं मोजायला घेतली.

"सर, नवी कोरी गाडी आहे."

"म्हणूनच. जन्मतारीख लिहून ठेवतात ना? तसं हे जन्माचं माप." गाडीबरोबर आलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्याने चार आकडे लिहिले आणि खाली रेघ मारली.

याला आता पाच महिने झाले. जुनी गाडी आम्हीच ढकलत भंगारवालीकडे नेली. मागच्या आठवड्यात मी टिचकीकडे बसलो होतो. डबा फाटकात येऊन थांबला. डाव्या फेंडरला हाताच्या पंजाएवढा पोचा. भाजीबाजाराजवळ रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोने ढकललं होतं.

मी टिचकीकडे बघितलं. सदतीस वर्षं बघत आलो होतो. आता हात मागे बांधणार, फेरी मारणार, डोळे मिटून तळवा फिरवणार.

तो गाडीकडे गेलाच नाही. पोरगी उतरली तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मान फिरव."

"बाबा, काही झालेलं नाही. थांबलेल्या गाडीला जरासा धक्का."

"फिरव म्हणतो ना. डावीकडे. सावकाश."

"अहो, फिजिओ मी आहे!"

"तुझ्या पेशंटांना सांग ते. आता उजवीकडे. दुखतं?"

"नाही."

"वर बघ. खाली. पाय उचल. दोन्ही."

भर फाटकात पोरीने एक पाय उचलला, मग दुसरा. शेजारची बाई गॅलरीतून बघत होती. पोरगी हसत होती, हा हसत नव्हता. चारही बाजूंनी मान तपासून झाली, मग खांदे, मग मनगटं. एकही सुटलं नाही. त्याचं काम असंच असतं.

तोवर मी आतून मापकाठी आणली होती; मग त्याने माझ्याकडे वळून तिच्यासाठी हात पुढे केला.

"दार धर," तो म्हणाला.